बाहेरचा डबा, आतला करार



तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसानं सीडी ड्राइव्हच्या इतिहासावर काय बोलायचं, असा प्रश्न आजचा विषय वाचून काहींना पडला असेल. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर सुरुवातीलाच देऊन टाकतो.

१९८५ ते १९८८ या तीन-चार वर्षांत घरच्या किंवा ऑफिसातल्या लहान कॉम्प्युटरला प्रकाशानं तबकडी वाचणारे डबे जोडले गेले. ते डबे कॉम्प्युटरच्या आत नव्हते; शेजारी टेबलावर ठेवायचे आणि जाड केबलनं जोडायचे. त्यांतल्या एका डब्यासाठी केलेली तबकडी सोळा वर्षांत जवळजवळ वाचता येईनाशी झाली. दुसऱ्या जातीच्या डब्यासाठी त्याच काळात ठरलेल्या रीतीनं लिहिलेली तबकडी आजही बाजारात मिळणाऱ्या साध्या ड्राइव्हमध्ये घातली, तर तिच्यातल्या फाइलींची यादी समोर येते. दोन्हींमागे हुशार माणसं होती, मोठ्या संस्था होत्या, पैसा होता. मग एक मुकी का झाली आणि दुसरी बोलती का राहिली? लिहिलेलं टिकतं ते नेमकं कशाच्या आधारावर? हा प्रश्न माझ्या विषयातला आहे, म्हणून मी इथे उभा आहे.

आधी तबकडी समजून घेऊ.

सीडीचा जन्म संगीतासाठी झाला. हॉलंडची फिलिप्स आणि जपानची सोनी या दोन कंपन्यांनी मिळून तिचे नियम ठरवले, आणि ऑक्टोबर १९८२मध्ये सोनीचा पहिला सीडी प्लेअर जपानात विकायला आला. तबकडीचा व्यास १२ सेंटिमीटर. तिच्यावर आतून बाहेर जाणारी एकच लांबलचक सर्पिल रेघ असते. ती उलगडून सरळ केली तर सुमारे पाच किलोमीटर भरेल. त्या रेघेवर अतिसूक्ष्म खळगे असतात. रेघेच्या दोन वेढ्यांमधलं अंतर १.६ मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरच्या जागेत सहाशेहून जास्त वेढे. लेसरचा किरण खालून त्यावर पडतो, खळगा आला की परत येणारा प्रकाश बदलतो, आणि त्या बदलातून आकडे वाचले जातात. ग्रामोफोनसारखी सुई टेकत नाही, म्हणून घासणं नाही, झिजणं नाही.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. गाणं हे क्रमानं ऐकायचं असतं. आलापानंतर स्थायी, मग अंतरा. त्यामुळे तबकडीची सगळी रचना क्रमाच्या सोयीची आहे. रेघ एकच, आणि ती लेसरखालून नेहमी सारख्या वेगानं सरकली पाहिजे, सेकंदाला साधारण सव्वा मीटर. आतला वेढा लहान आणि बाहेरचा मोठा, म्हणून मोटरला आत असताना मिनिटाला पाचशेच्या आसपास फेरे घ्यावे लागतात आणि बाहेर गेल्यावर दोनशेच्या आसपास. गाणं चालू असताना हा वेग सावकाश बदलत जातो, कुणाला कळतही नाही.

कॉम्प्युटरचं मागणं वेगळं असतं. त्याला शब्दकोशातला 'क्ष' हवा, लगेच 'अ' हवा, मग मधलाच कुठलातरी शब्द. प्रत्येक उडीला लेसरचं डोकं सरकवायचं, मोटरचा वेग बदलायचा, आपण नेमके कुठे पोचलो ते वाचून बघायचं आणि पुन्हा थोडं मागेपुढे करायचं. पहिल्या ड्राइव्हना यासाठी अर्धा सेकंद, कधी एक सेकंद, कधी त्याहून जास्त वेळ लागे. ऐकण्यासाठी घडवलेल्या वस्तूला शोधण्याच्या कामाला जुंपलं होतं, त्याचा हा मोबदला.

दुसरी अडचण आणखी खोलवरची होती. तबकडीवर ओरखडा पडला, धूळ बसली, की काही आकडे वाचले जात नाहीत. सीडीत मुळातच चुका दुरुस्त करण्याची योजना आहे, पण तरीही एखादा स्वर हरवला तर प्लेअर मागचा आणि पुढचा आकडा बघून मधला अंदाजानं भरतो. कानाला कळत नाही. हिशेबाच्या वहीत हे चालेल का? मागे ४०० आहेत आणि पुढे ६०० आहेत, म्हणून मधे ५०० असतील, असं म्हणणाऱ्या कारकुनाला आपण नोकरीवर ठेवणार नाही. म्हणून १९८३मध्ये फिलिप्स आणि सोनी यांनी कॉम्प्युटरसाठी वेगळे नियम केले. त्या नियमांच्या पुस्तकाचं कव्हर पिवळं, म्हणून त्याला 'यलो बुक' म्हणतात. संगीताचं 'रेड बुक' आधीच झालं होतं. नव्या नियमांप्रमाणे तबकडीचे २३५२ बाइटचे तुकडे पडतात. त्यांतले २०४८ बाइट तुमच्या मजकुराला मिळतात. उरलेले तीनशेच्या वर बाइट हा तुकडा कुठे सुरू होतो, त्याचा पत्ता काय आणि चूक झाली तर ती कशी भरून काढायची, यासाठी राखून ठेवलेले असतात. आपल्या वैदिकांनी घनपाठात तेच शब्द पुढून-मागून गुंफून म्हणायची रीत पाडली, ती याच कारणासाठी. पुनरुक्ती हा लेखनातला दोष असेल, पण जतन करताना तीच राखणदार असते.

असे ७५ तुकडे एका सेकंदात वाचले जात, म्हणजे सेकंदाला १५० किलोबाइट. ७४ मिनिटांची तबकडी धरली तर साधारण ६५० मेगाबाइट. आज तुमच्या खिशातल्या फोनपुढे हा आकडा किरकोळ वाटेल. त्या वेळी काय होतं ते बघा. आयबीएमच्या पीसीला लागणाऱ्या फ्लॉपीत ३६० किलोबाइट मावत. १९८३च्या पीसी-एक्सटीत हार्ड डिस्क होती १० मेगाबाइटची. म्हणजे एका सीडीत अठराशे फ्लॉपी, किंवा पासष्ट हार्ड डिस्क. विहिरीच्या काठी राहणाऱ्यासमोर एकदम धरण यावं, तसा प्रकार.

बरं, मग हा ड्राइव्ह बाहेर का? आत का नाही बसवला?

याची कारणं अगदी व्यवहारातली आहेत. सुरुवातीचे ड्राइव्ह म्हणजे मुळात संगीताचे प्लेअरच होते, थोडे फेरफार केलेले. त्यांचा आकार कॉम्प्युटरच्या खणात बसणारा नव्हता. कॉम्प्युटरचा वीजपुरवठाही जेमतेम असे. पहिल्या आयबीएम पीसीत तो ६३.५ वॅटचा होता, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या ६० वॅटच्या बल्बाएवढा. शिवाय किंमत. फिलिप्सचा सीएम-१०० हा १९८५च्या सुमाराचा, स्वतःचं वेगळं कार्ड घेऊन येणारा ड्राइव्ह. १९८८च्या मार्चमध्ये ॲपलनं 'ॲपल सीडी एससी' आणला, त्याची किंमत ११९९ डॉलर. एवढी महाग वस्तू एका कॉम्प्युटरच्या पोटात कायमची कोण घालेल? बाहेर ठेवली की आज या टेबलावर, उद्या त्या टेबलावर नेता येते.

पण या व्यवहाराखाली आणखी एक गोष्ट आहे. घरात नवीन माणूस राहायला येतो तेव्हा आधी त्याला ओसरीवर बसवतात. माजघरात त्याची जागा व्हायची तर घरच्या सगळ्यांची संमती लागते. या ड्राइव्हला अजून अशी संमती मिळाली नव्हती. कॉम्प्युटरला त्याच्याशी बोलायचं कसं, हेच ठरलेलं नव्हतं.

पहिले ग्राहक कोण होते? ग्रंथालयं. १९८५मध्ये अमेरिकेत 'बिब्लिओफाइल' नावाची सीडी निघाली. तिच्यात लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या नोंदी होत्या, म्हणजे गावातल्या ग्रंथपालानं पुस्तकाची नोंद स्वतः करायच्या ऐवजी ती इथून उचलायची. त्या वेळी माहितीचे मोठे साठे टेलिफोनच्या तारेवरून बघता येत, पण त्याला वेळेप्रमाणे पैसे पडत. मीटर चालू असलेल्या रिक्षात बसून विचार करण्यासारखं होतं ते. माणूस प्रश्न आधी कागदावर घासूनपुसून घेई, मग घाईघाईनं विचारी. सीडीनं ते मीटर बंद केलं. एकदा पैसे भरले की वर्षभर हवं तेवढं शोधा, चुकीचा शब्द टाका, पुन्हा टाका, उगाच भटका. भटकण्याची मुभा मिळणं ही ज्ञानाच्या इतिहासातली लहान गोष्ट नाही. आपल्याकडच्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांनीही १९९०च्या दशकात सीडीवरचे सूचीसंग्रह घेतले, त्यामागे हेच कारण मोठं होतं.

त्याच काळात गॅरी किल्डॉल या माणसानं एक धाडस केलं. किल्डॉल म्हणजे सीपी-एम ही ऑपरेटिंग सिस्टिम लिहिणारा, पीसीच्या इतिहासातला मोठा माणूस. त्याच्या कंपनीनं ग्रोलियर या प्रकाशकाचा वीस खंडांचा विश्वकोश एका सीडीवर आणला. सुमारे ९० लाख शब्द, चित्र एकही नाही. आणि तरीही तबकडीचा मोठा भाग रिकामाच राहिला! वीस खंडांचा कोश, त्याची सगळी शब्दसूची, आणि वर जागा शिल्लक. १९८६च्या मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टनं सीडी-रॉमवर पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरवली आणि त्याच वर्षी लेखांचं जाडजूड पुस्तक काढलं. त्याच्या नावात सीडीला 'नवा पपायरस' म्हटलं होतं. पपायरस म्हणजे प्राचीन इजिप्तमधला लिहिण्याचा कागद. उपमा देताना त्यांच्या मनात कागदाची विपुलता असावी. पण पपायरसची दुसरीही एक गोष्ट आहे. तो वाळवंटात टिकला, पण त्यावरची अक्षरं वाचणारं कुणी उरलं नाही, आणि पुढे शतकानुशतकं तो नुसताच पडून राहिला. ही उपमा उद्या आपल्यावर उलटेल, हे त्या वर्षी कुणाच्या लक्षात आलं होतं की नाही कोण जाणे.

आता मुख्य अडचणीकडे येऊ. यलो बुकनं एवढंच ठरवलं होतं की तबकडीवर २०४८ बाइटचे तुकडे कसे लिहायचे. त्या तुकड्यांतून फाइल कशी होते, तिचं नाव कुठे लिहायचं, यादी कुठे ठेवायची, यावर ते गप्प होतं. म्हणजे अक्षरं ठरली, पण पुस्तकाला अनुक्रमणिका असते आणि ती पुढच्या पानांवर असते, हे ठरलं नाही. त्यामुळे प्रत्येक प्रकाशक स्वतःची पद्धत करायचा आणि ती समजणारा प्रोग्राम सोबत द्यायचा. या कंपनीची सीडी त्या कंपनीच्या प्रोग्रामला परकी. वरून डॉसची मर्यादा. त्या वेळच्या डॉसला ३२ मेगाबाइटपेक्षा मोठी डिस्क एकसंध बघताच येत नव्हती, आणि ही तर सहाशेवर मेगाबाइटची.

नोव्हेंबर १९८५मध्ये डझनभर कंपन्यांची माणसं नेवाडा राज्यात लेक टाहोजवळच्या एका हॉटेलात जमली. हॉटेलाचं नाव हाय सिएरा, आणि त्यात जुगाराचा अड्डाही होता. ॲपल, मायक्रोसॉफ्ट, सोनी, फिलिप्स, हिताची, डिजिटल इक्विपमेंट असे एकमेकांचे प्रतिस्पर्धी एका टेबलाभोवती बसले. ठरवायचं होतं एवढंच की तबकडीवरची यादी सगळ्यांनी एकाच रीतीनं लिहायची. १९८६मध्ये त्यांचा मसुदा तयार झाला, त्याला हॉटेलाचंच नाव मिळालं, आणि थोड्या फेरफारानंतर १९८८मध्ये तो आयएसओ ९६६० या नावानं आंतरराष्ट्रीय मानक झाला.

त्या करारातलं एक कलम मला फार आवडतं. मोठी संख्या लिहिताना तिचे भाग कुठल्या क्रमानं लिहायचे, यावर कॉम्प्युटरच्या जगात दोन पंथ होते. आपण मराठीत 'पंचवीस' म्हणतो, आधी पाच, मग वीस. इंग्रज आधी वीस म्हणतो, मग पाच. तसंच इंटेलच्या चिपा लहान भाग आधी लिहितात आणि मोटोरोलाच्या चिपा मोठा भाग आधी लिहायच्या. आयबीएमच्या पीसीत इंटेल, ॲपलच्या मॅकिंटॉशमध्ये मोटोरोला. या भांडणाला कॉम्प्युटरवाल्यांनी गलिव्हरच्या गोष्टीतल्या, अंडं कुठल्या टोकाकडून फोडायचं यावर लढणाऱ्या पक्षांची नावं दिली होती, यावरून ते किती टोकाला गेलं होतं ते कळेल. हाय सिएरावाल्यांनी काय केलं? कोण बरोबर, याचा निवाडाच केला नाही. यादीतल्या महत्त्वाच्या संख्या दोनदा लिहायच्या, एकदा या क्रमानं आणि लगेच पुढे त्या क्रमानं. ज्याला जी समजते ती त्यानं वाचावी. जागा थोडी वाया जाते, पण कुणाचा मान जात नाही. आपल्याकडचे किती वाद एवढ्या शहाणपणानं मिटतात?

डॉसची अडचणही युक्तीनं सुटली. मायक्रोसॉफ्टनं एमएससीडीईएक्स नावाचा छोटा प्रोग्राम दिला. त्यानं डॉसची समजूत अशी करून दिली की ही तबकडी तुझ्या अंगाला जोडलेलीच नाही, ती नेटवर्कवरच्या कुठल्यातरी दुसऱ्या यंत्रावर आहे. दुसऱ्याच्या घरातली वस्तू केवढी मोठी, याची चौकशी डॉस करत नव्हतं. म्हणजे टेबलावर शेजारीच ठेवलेला डबा हिशेबापुरता आणखी लांब नेला, आणि मग तो जवळचा झाला!

आता दुसऱ्या डब्याची गोष्ट, म्हणजे सुरुवातीला सांगितलेल्या मुक्या झालेल्या तबकडीची.

इंग्लंडमध्ये १०८६ साली विल्यम राजानं सगळ्या देशाची पाहणी करवली. कुणाकडे किती जमीन, किती नांगर, किती गिरण्या. ती नोंद 'डूम्सडे बुक' नावानं चामड्याच्या पानांवर लिहिलेली आहे आणि लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आजही आहे. तिला ९०० वर्षं होणार म्हणून बीबीसीनं १९८६मध्ये नवी डूम्सडे करायची ठरवली, लोकांनी लिहिलेली. देशाचे ४ किलोमीटर बाय ३ किलोमीटरचे चौकोन पाडले. शाळांनी आणि गावच्या मंडळांनी आपापल्या चौकोनाबद्दल लिहायचं, फोटो काढायचे. दहा लाखांवर माणसं यात सामील झाली, त्यांत बहुतेक शाळेतली मुलं. मुलांनी लिहिलं, आमच्या गावात दुकानं किती आहेत, आम्ही संध्याकाळी काय खेळतो, पावाला किती पैसे पडतात. जवळजवळ दीड लाख पानं मजकूर आणि वीस हजारांहून जास्त फोटो जमले. शिवाय १९८१च्या जनगणनेसारखी आकडेवारी आणि नकाशे.

हे सगळं वाचायला फिलिप्सनं एक खास यंत्र केलं, व्हीपी-४१५. ते एकॉर्न कंपनीच्या बीबीसी मास्टर या कॉम्प्युटरला बाहेरून जोडायचं. तबकडी ३० सेंटिमीटरची, सिनेमाच्या लेसरडिस्कच्या जातीची. फोटो आणि नकाशे तिच्यावर टीव्हीच्या चित्रांसारखे उमटवलेले होते, तर मजकूर आणि आकडे त्याच तबकडीवर, जिथे एरवी आवाज असतो त्या जागी, कॉम्प्युटरच्या भाषेत. नकाशावर एका गावावर यायचं, आत शिरायचं, फोटो बघायचा, मुलांचं लिखाण वाचायचं. आज आपण रोज जे करतो ते या मंडळींनी १९८६मध्ये करून दाखवलं. त्यांना मूर्ख म्हणायची सोय नाही. चित्रांचा एवढा साठा दाखवायचा तर त्या वेळच्या सीडीच्या आवाक्यातलं ते काम नव्हतं, आणि त्यांनी काम सुरू केलं तेव्हा सीडी-रॉम नुकतं कुठे रांगत होतं.

पण सगळ्या सरंजामाची किंमत सुमारे पाच हजार पौंड. ज्या शाळांनी लिहिलं त्यांतल्या कितीतरींना आपलंच लिखाण वाचायला ते यंत्र घेणं परवडेना. यंत्र थोडीच खपली, मग बंद झाली. त्या जातीच्या तबकडीवर दुसऱ्या कुणी काही काढलं नाही म्हणण्याजोगी स्थिती. २००२पर्यंत चालू अवस्थेतली यंत्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी राहिली, आणि वर्तमानपत्रांतून ओरड झाली की ९०० वर्षांपूर्वीचं डूम्सडे वाचता येतं आणि १६ वर्षांपूर्वीचं येत नाही. लीड्स आणि मिशिगन या दोन विद्यापीठांच्या संशोधकांनी जुन्या कॉम्प्युटरची आणि यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम लिहिला, चित्रं मूळ व्हिडिओ टेपवरून पुन्हा उचलण्यात आली, आणि २०११मध्ये बीबीसीनं लोकांचा भाग इंटरनेटवर सगळ्यांसाठी ठेवला. म्हणजे बचावलं, पण केवढी खटपट करून.

या गोष्टीचं तात्पर्य बहुतेक ठिकाणी असं सांगतात की कागद आणि चामडं टिकाऊ, यंत्रं क्षणभंगुर. मला ते पटत नाही. तबकडीवरचे खळगे २००२मध्ये बहुतांशी शाबूत होते. नाहीशी झाली ती वाचणाऱ्याची परंपरा. आणि मूळ डूम्सडे तरी आपोआप वाचलं जातं का? ते संक्षिप्त लॅटिनमध्ये आहे. तुम्ही-आम्ही ते उघडलं तर एक ओळ कळणार नाही. ते वाचता येतं, कारण लॅटिन शिकवणारे गुरू आणि शिकणारे शिष्य ९०० वर्षं राहिले.

इथे मला आपल्याकडचा एक जुना वाद आठवतो. शब्दाचा आणि अर्थाचा संबंध कसला? मीमांसक म्हणाले, तो नित्य आहे, कुणी केलेला नाही. नैयायिक म्हणाले, तो संकेतानं झालेला आहे. या शब्दानं हा अर्थ घ्यायचा, असं ठरलेलं आहे म्हणून शब्द बोलतो. ठरवणं विसरलात की उरतो तो नुसता आवाज. तबकडीच्या बाबतीत नैयायिक शंभर टक्के बरोबर आहेत. खळगा हा खळगाच. त्याला 'फाइल' कोण करतं? संकेत. आणि संकेत किती जणांचा, यावर त्याचं आयुष्य अवलंबून असतं. डूम्सडेचा संकेत एका प्रकल्पापुरता होता. प्रकल्प संपला, संकेत संपला. हाय सिएराचा संकेत प्रतिस्पर्ध्यांनी मिळून केला आणि उघड छापला, त्यामुळे तो कुणा एकाच्या मरणानं मरत नाही. त्या हॉटेलात बसलेल्यांपैकी काही कंपन्या आज नाहीत, पण त्यांनी ठरवलेली यादी वाचणारा प्रोग्राम आज कुणीही लिहू शकतो.

याचा उलटा पुरावा खुद्द या डब्यांत मिळतो. तबकडीवर काय लिहायचं हे ठरलं, पण डबा कॉम्प्युटरला जोडायचा कसा हे बराच काळ ठरलं नाही. पहिल्या ड्राइव्हना आपापली कार्डं लागत. ॲपलनं स्कझी नावाची सामायिक जोडणी घेतली. पीसीच्या जगात सोनीची वेगळी, मित्सुमीची वेगळी, पॅनासॉनिकची वेगळी, आणि साउंड कार्डावर यांतली एखादी किंवा तिन्ही खाचा. बॅकपॅक नावाचा ड्राइव्ह तर प्रिंटरच्या खाचेत जोडायचा, कारण प्रिंटरची खाच तेवढी सगळ्यांकडे होती. आज त्या काळची सीडी वाचता येते, पण तिच्यासोबत आलेला ड्राइव्ह मात्र जोडायला जागा नाही. एकाच खोक्यातून आलेल्या दोन वस्तू. जिच्यावर करार झाला ती जिवंत, जिच्यावर झाला नाही ती अडगळीत.

आता कराराचीही किंमत असते, ती लपवू नये. सगळ्यांना मान्य होईल असं ठरवायचं म्हणजे सगळ्यांत दुबळ्याला झेपेल तेवढंच ठरवायचं. आयएसओ ९६६०च्या पहिल्या पायरीवर फाइलचं नाव आठ अक्षरांचं, टिंबानंतर तीन. अक्षरं फक्त रोमन, तीही कॅपिटल, आकडे आणि एक अधोरेषा. 'ज्ञानेश्वरी' हे नाव तबकडीला घेताच येत नव्हतं. देवनागरीत नाव लिहिता येईल अशी सोय १९९५च्या सुमारास मायक्रोसॉफ्टनं जोलिएट या पुरवणीतून केली. जगाचा करार झाला होता, पण त्या टेबलाशी आपली लिपी बसलेली नव्हती.

आणि नाव जाऊ द्या, आतल्या मजकुराचं काय? भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक १९९१मध्ये झालं, पुण्याच्या सी-डॅकचं त्यात मोठं काम आहे. पण छपाईच्या धंद्यात प्रत्येक फॉन्टचा आपापला हिशेब राहिला. एका फॉन्टचा 'क' दुसऱ्याच्या हिशेबात 'ठ'. त्यामुळे १९९०च्या दशकातली मराठी मजकुराची सीडी आज घातली तर काय होतं? तबकडी फिरते. यादी उघडते, कारण तो करार जगानं केला होता. फाइल उघडते. आणि आत दिसतात रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे विचित्र गोळे. तो फॉन्ट हाताशी असेल, तर मराठी. नसेल, तर डूम्सडे. युनिकोड रूढ झाल्यावर पुढचं संकट टळलं, पण मागचं लिखाण अजून घराघरांत, प्रकाशकांकडे, संस्थांच्या कपाटांत तसंच पडलं आहे.

ड्राइव्हची पुढची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. १९८९मध्ये फुजित्सूनं जपानात एफएम टाउन्स हा कॉम्प्युटर आणला, त्यात सीडी ड्राइव्ह मुळातच आत बसवलेला होता. १९९१ला मल्टिमीडिया पीसीचं मानक झालं, त्यात सीडी ड्राइव्ह सक्तीचा. १९९३मध्ये 'मिस्ट'सारखे खेळ आणि मायक्रोसॉफ्टचा एन्कार्टा विश्वकोश आला, किमती उतरल्या, आणि ड्राइव्हला हार्ड डिस्कच्याच केबलवर जागा मिळाली. पाहुणा घरचा झाला. आणि पंधरा वर्षांत पुन्हा बाहेर पडला. २००८च्या मॅकबुक एअरमध्ये सीडी ड्राइव्ह नव्हता, हवा तर बाहेरून जोडा. आज बहुतेक लॅपटॉपची तीच गत. आला होता ओसरीवर, गेलाही ओसरीवरून.

या जाण्याचं दुःख करायचं कारण नाही. पण बाहेरचा ड्राइव्ह अजून मिळतो, आणि तो आपल्याला एका कामासाठी हवा आहे. आज या सभागृहात बसलेल्यांपैकी अनेकांच्या घरी, संस्थेत, मंडळात अशा तबकड्या आहेत. कुणाचा प्रबंध आहे, कुणाच्या गावच्या यात्रेचे फोटो, एखाद्या मासिकाचे वीस वर्षांचे अंक. तबकडी आहे म्हणजे लेखन जपलं आहे, असं समजू नका. ती उघडा. यादी वाचा. फाइल उघडून आतली अक्षरं मराठी दिसतात का ते बघा. दिसत नसतील तर तो जुना फॉन्ट ज्याला ठाऊक आहे असा माणूस शोधा, तो अजून आहे. टाइपसेटिंगची कामं केलेली कितीतरी मंडळी आज साठी-सत्तरीत आहेत. मजकूर युनिकोडमध्ये आणा, दोन ठिकाणी ठेवा, आणि एक प्रत अशा माणसाकडे द्या ज्याचं तुमच्याशी सगळ्या गोष्टींत पटत नाही. हाय सिएराची मंडळी प्रतिस्पर्धी होती, म्हणूनच त्यांचा करार टिकला.

नैयायिकांच्या भाषेत सांगायचं तर, संकेत जाणणारी माणसं आहेत तोवर शब्दाला अर्थ आहे. तबकडीचं आयुष्य किती, हा प्रश्न कंपन्यांना विचारून उपयोग नाही. तो आपल्याला विचारायचा आहे.